गोरीवरचं डांबर

आमचा डोंगर फार महत्त्वाचा आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा दाभाडे सरांनी सांगितलं. तोवर आम्ही त्याच्यावर काटक्या आणि शेण गोळा करायला जायचो, पावसाळ्यात करटोली आणायला जायचो, आणि गावात कुणाचं बकरू हरवलं की त्याच डोंगराला शिव्या घालायचो. दाभाडे सर देशावरचे. आमच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला आले होते. समुद्र त्यांनी तिशी उलटल्यावर पाहिला असावा, आणि तो त्यांना फारसा पटला नसावा, कारण तो दिवसातून दोनदा जागा सोडतो. नकाशावरची निळी रेघ मात्र जागची हलत नसे, म्हणून सरांचा सगळा विश्वास नकाशावर. वेताची छडी त्याच्यावर टेकवून ते म्हणायचे, "समोर बंदर, मधे खाडी, पाठीशी डोंगर. मुंबईची मान इथे आहे. ज्याच्या हातात हा डोंगर, त्याच्या हातात मुंबई." आम्ही पोरं माना डोलवायचो. मी तर जरा जास्तच डोलवायचे, कारण मी मॅट्रिकच्या वर्गातली पहिल्या नंबराची मुलगी होते आणि गावातून तिथवर पोचलेली एकटीच होते. शहाणी समजायला एवढं पुरतं.

परवा आमच्या नेरूळच्या सोसायटीत कुणीतरी एका बिल्डरचं चकचकीत पत्रक पेटीत टाकून गेलं. त्यावर लिहिलं होतं, समोर खाडी, पाठीशी डोंगर. मी ते वाचून एकटीच हसले. डोंगर कुठला आणला आता? ऐंशीच्या आगेमागे खाणवाले आले, सुरुंग लावले, क्रशर बसवले, आणि जो डोंगर शत्रूच्या हाती पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस शिट्ट्या फुंकल्या होत्या, त्याचा निम्माअर्धा भाग या नव्या शहराच्या रस्त्यांखाली खडी होऊन पडला. तेव्हा कुणी समिती केली नाही. मी ज्या रस्त्याने भाजीला जाते त्यात आमच्या डोंगराचे तुकडे आहेत, आणि त्यावर पार्किंगवरून भांडणारे लोक आहेत. असो. मला सांगायचं आहे ते एकाहत्तरच्या लढाईच्या पंधरा दिवसांबद्दल.

आमचं घर मिठागर आणि खाडी यांच्या मधल्या उंचवट्यावर होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे सारवलेलं खळं. खळ्यात आय जवळा वाळत घालायची आणि दिवसभर कावळ्यांशी भांडायची. तिचा आवाज पार बांधापर्यंत जायचा. ओहोटी लागली की चिखल आपल्याशीच बुडबुडत राही, आणि थंडीच्या दिवसांत मिठागरात फळ्यांनी मीठ ओढल्याचा खरखर आवाज सकाळपासून सुरू होई. त्या आवाजाने मला अजून भूक लागते. कारण त्याच वेळी आय तव्यावर तांदळाची भाकरी टाकायची आणि कांदा, आमसूल घालून जवळा परतायची. बा जेवताना बोलत नसे. तो एरवीही फारसा बोलत नसे. त्याच्या वाटचं सगळं चांगाकाका बोलायचा. चांगाकाका म्हणजे बाचा धाकटा भाऊ, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, होडीवर बाचा जोडीदार. मला पोहायला त्याने शिकवलं, म्हणजे बांधावरून ढकलून दिलं आणि वर शिट्टी वाजवत उभा राहिला. माझी पुस्तकं बघून म्हणायचा, "हिरे, येवरा वाचून तू आमाना वलखशील ना गो?" मी म्हणायचे, बघू. असं उत्तर देणाऱ्या मुलीच्या तोंडात आज मला भडकवावीशी वाटते.

डोंगराच्या आमच्या बाजूच्या अंगावर, माथ्याच्या थोडं खाली, एक उभा सपाट कातळ होता. गाव त्याला गोरी म्हणायचं. कातळ जातीचा काळाच, पण नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी ज्या ज्या घरची होडी, त्या त्या घरचं एक माणूस शिंपल्यांच्या चुन्याचं मडकं घेऊन वर जायचं आणि गोरीला चुना फासून यायचं. आमच्या घरून मी जायचे. वर चढताना बायका गाणी म्हणायच्या, आधी कुणाचा हात लागायचा यावरून रुसवेफुगवे व्हायचे, खाली आल्यावर खोबऱ्याची वडी मिळायची. पण हे सगळं हौसेखातर नव्हतं. बंदराकडून परत येणाऱ्या होडीला आमच्या खाडीच्या तोंडाशी एक खडप होतं, म्हणजे पाण्याखालचा लांबच लांब खडक. भरतीत तो पूर्ण झाकला जाई. गोरी डाव्या हाताला ठेवून सरळ आलं की होडी खोल पाण्यातून गावात. गोरी समोर आली की खाली खडप. त्यात थंडीच्या सकाळी पाण्यावर धुकं बसतं, गाव दिसत नाही, देऊळ दिसत नाही, ताड दिसत नाहीत. धुक्याच्या वर डोंगराचा माथा तेवढा उरतो आणि त्यावर गोरी. आमच्या बापजाद्यांना नकाशा नव्हता, पण एवढी अक्कल होती.

पाकिस्तानशी लढाई सुरू झाली त्याच्या आदल्या दिवशी बा आणि चांगाकाका होडी घेऊन करंज्याला गेले. होडीची एक फळी गळत होती आणि करंज्याला आयचा भाऊ होड्यांचं काम करायचा. दोनचार दिवसांत येऊ, म्हणाले. दुसऱ्या दिवशी रेडिओवर बातमी आली, भोंगे वाजले, आणि होड्या पाण्यात घालायच्या नाहीत असा हुकूम निघाला. गावातल्या सगळ्या होड्या चिखलात बांधून पडल्या. आमची करंज्याला अडकली. आयने करंज्याच्या दिशेला दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "बरा जाला. भावाच्या घरान हाय, जेवल तरी."

इकडे दाभाडे सरांचा मात्र दिवस उगवला होता. आयुष्यभर ज्याच्याकडे वर्गातल्या तिसऱ्या बाकानेही लक्ष दिलं नाही, अशा माणसाला लढाई म्हणजे देणगीच. दुसऱ्याच दिवशी ते खाकी अर्धी चड्डी, कवायतीच्या मास्तराची टोपी आणि गळ्यात शिट्टी अशा वेषात गावात आले आणि सरपंचांच्या ओटीवर 'ग्राम संरक्षण समिती' स्थापन झाली. सरपंच अध्यक्ष, कारण ओटी त्यांची. सर मार्गदर्शक. आणि चिटणीस मी, कारण माझं अक्षर चांगलं. "कुमारी म्हात्रे," सर म्हणाले, "राष्ट्राला आज तुमच्या लेखणीची गरज आहे." सतरा वर्षांत मला कुणी कुमारी म्हात्रे म्हटलं नव्हतं. मी घरी हिरी होते. त्या दोन शब्दांसाठी मी काय वाटेल ते लिहून दिलं असतं, आणि दिलंही.

समितीने जे पराक्रम केले ते मी माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते. खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवण्याचा ठराव झाला. गावात काच असलेली खिडकी एकच, सरपंचांची. बाकीच्यांनी कुडाच्या झरोक्यांना कागद लावले, म्हणजे चुलीचा धूर घरात कोंडून बायका दिवसभर खोकत बसल्या. मग खंदक खणायचं ठरलं. सरांनी नकाशावर जागा दाखवली. ती खाजणाला लागून होती. म्हातारे म्हणाले, तिथे नको, तिथे उधाणाचं पाणी येतं. सर म्हणाले, युद्धात असल्या सबबी चालत नाहीत. तीस माणसांनी दोन दिवस घाम गाळला, तिसऱ्या दिवशी उधाण आलं आणि खंदक काठोकाठ भरले. पोरांनी त्यातून टोपलीभर निवट्या धरल्या. आयने त्यांचं कालवण केलं. मी ते चवीने खाल्लं आणि वहीत लिहिलं, 'खंदकांचे काम समाधानकारक.' सरांनी ते वाक्य वाचून माझी पाठ थोपटली.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि हसून सोडून देता आलं असतं. पण सरांना एक दिवस डोंगरावर जायची हुक्की आली. शत्रू विमानातून काय पाहील ते आपण आधी पाहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी वही घेऊन मागोमाग. वर पोचल्यावर त्यांनी सगळीकडे छडी फिरवली. खाडीपलीकडच्या तुर्भ्याच्या टेकड्या, तेलाच्या टाक्या, बंदरातली जहाजं, घारापुरी, सगळं एका दृष्टिक्षेपात. खरं सांगायचं तर जागा खरोखरच महत्त्वाची होती. मूर्ख माणसाचं म्हणणं खोटंच असतं असं नाही, आणि तिथेच त्याचा धोका असतो. मग उतरताना त्यांची नजर गोरीवर गेली. ते थबकले.

"हे काय आहे?"

"गोरी आहे, सर."

"हा पांढरा दगड किती लांबून दिसत असेल?"

"पार करंज्याच्या वाटेवरून दिसतो, सर."

"म्हणजे शत्रूला आपण बोट करून दाखवतोय, या, इथे या!" त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. शेवटी एकदा त्यांना काहीतरी सापडलं होतं.

मी त्यांना सांगायला हवं होतं की लांबून दिसावा म्हणूनच तो पांढरा केलाय. त्याला एक श्वास लागला असता. मी म्हणाले, "हो सर."

त्या संध्याकाळी सभा भरली. गोरीला डांबर फासायचा ठराव सरांनी मांडला. मच्छीमारांचं गाव, निम्म्या घरांत होड्या, तिथे एकही पुरुष उठून बोलला नाही. सगळ्यांच्या होड्या बांधलेल्या होत्या, कुणाचंच काही अडत नव्हतं. लढाई संपली की पुन्हा चुना लावू, असं एकमेकांत कुजबुजले आणि विड्या ओढत बसले. त्या माणसांबद्दल मला आजही आदर वाटत नाही. त्यातले बरेचसे आता गेले आणि त्यांच्या तेराव्यालाही मी जेवले, पण आदर नाही. ओटीच्या खाली बायका उभ्या होत्या. त्यांच्यातून आय पुढे आली.

"मास्तर, आमची होरी करंज्याला हाय. ती येल तवा काय बगून येल?"

"बाई," सर हसून म्हणाले, "युद्ध चालू असताना होड्या येत नसतात."

"नि लढाई सरली मंग?"

"मग आपण ठराव करून डांबर काढू. समिती आहे ना."

आयने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. त्या पानावर मी लिहिलेलं वाक्य मला तोंडपाठ आहे: 'महिलांच्या शंकांचे निरसन करण्यात आले.' दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामावरून उरलेली डांबराची पिंपं वर चढवली गेली. काटक्यांवर डांबर तापवलं, बांबूंना गोणपाट बांधून दहाबारा जणांनी गोरी वरपासून खालपर्यंत काळी केली. कोपऱ्यात एक पांढरा ठिपका राहिला होता. सरांना तो दिसला नव्हता. मी दाखवला.

आय माझ्याशी रागाने बोलली असं काही झालं नाही. रोज जवळा परतायची, भाकरी ताटात टाकायची आणि एकदाच म्हणायची, "गोरी पांढरी केली पायजे गो." मी म्हणायचे, आदेश आहे. माझ्याच हाताने लिहिलेल्या कागदाला मी आदेश म्हणत होते, आणि तेही पुस्तकी भाषेत, जिने मला जन्म दिला तिच्याशी.

लढाई संपली. रेडिओवर संध्याकाळी बातमी आली आणि गावात जल्लोष झाला. आयने बातमी ऐकली आणि चूल अर्धी सोडून माझ्याकडे आली. "हिरे, आता होऱ्या सुटतील. तुजा बा उद्या सकालच्या भरतीवर निंगतो बग. तो एक दीस ऱ्हायाचा नाय. मास्तरला सांग." मी सरांकडे धावत गेले, एवढं माझ्या बाजूने सांगते. सर दुसऱ्या दिवशीच्या विजयाच्या प्रभातफेरीची तयारी करत होते. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "डांबर लावण्याचा ठराव आहे. काढण्याचा नाही. उद्या संध्याकाळच्या सभेत पहिला विषय तोच घेऊ. कुमारी म्हात्रे, तुम्ही चिटणीस आहात, शिस्त तुम्हीच मोडायची?" मी घरी येऊन आयला सांगितलं, उद्या संध्याकाळी पहिला विषय आहे. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती माझी भाषा विसरली असावी असं मला वाटलं. चुन्याचं मडकं घेऊन मी त्याच पावली डोंगर चढायला हवा होता. मी वहीला रेघा मारत बसले.

सकाळी धुकं होतं. पाण्यावर तर दहा हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं, पण वर मान केली की डोंगराचा माथा स्वच्छ, आणि सगळा एकसारखा काळा. प्रभातफेरी शाळेपासून निघून मिठागराच्या बांधावरून फिरणार होती. पुढे मी झेंडा घेऊन, मागे लेझीम, दोन ढोल आणि चार ताशे. सर शिट्टीवर ताल देत होते. आमच्या घरावरून जाताना मला आय खळ्यात दिसली नाही. ती पाण्याच्या कडेला होती. पितळेची थाळी आणि डाव घेऊन ती वाजवत उभी होती, धुक्यातून येणाऱ्याला गावाची बाजू कळावी म्हणून. टण टण टण, मधेच थांबून कान द्यायची, पुन्हा वाजवायची. फेरी बांधावर आली तसा ढोलताशांचा आवाज पाण्यावर पसरला आणि थाळी ऐकू येईनाशी झाली. आयने मागे वळून हात हलवला. थांबवा, म्हणत होती. सरांना वाटलं, ती अभिवादन करते आहे. त्यांनी टोपीला हात लावला आणि ताशेवाल्यांना जोर करायला सांगितलं. झेंडा माझ्या हातात होता. मी थांबले असते तर फेरी थांबली असती. मी चालत राहिले.

बांध जिथे खाडीच्या तोंडाकडे वळतो तिथवर आम्ही वाजवत गेलो. समोरच्या पाण्यात, धुक्याच्या आत, खडप होतं. फळी फुटल्याचा आवाज मी ऐकला नाही. कुणीच ऐकला नाही. ढोल थांबले ते शाळेत परत आल्यावर, पेढे वाटायला.

बाला शेजारच्या सारसोळ्याच्या एका होडीने आणलं. त्याचा उजवा खांदा निखळला होता आणि तो शुद्धीवर होता. चांगाकाका ओहोटी लागल्यावर सापडला, खडपाच्या आतल्या बाजूला, उलट्या झालेल्या होडीच्या खाली. त्याच्या कमरेला एक पिशवी बांधलेली होती. तिच्यात करंज्याहून माझ्यासाठी आणलेली शाईची बाटली होती. ती फुटली नव्हती. बा त्या दिवशी एवढंच बोलला, आणि तेही आयशी: "थाली आयकली. मंग ढोल आयकले. मना वाटला, गाव तिकरंच हाय."

सरांनी संध्याकाळची सभा रद्द केली नाही. उलट शाळेतून टेबल आणवलं. मी गेले, कारण मला बोलावणं आलं होतं. सरांनी मजकूर तयार ठेवला होता. 'शत्रूने खाडीच्या मुखाशी पेरलेल्या पाणसुरुंगाचा स्फोट होऊन या गावचे वीर चांगा म्हात्रे यांना हौतात्म्य प्राप्त झाले.' सरपंचांनी लगेच मान हलवली. हुतात्म्याचा दगड उभारता येईल, वर्तमानपत्रात नाव येईल, गावाला मान मिळेल. म्हातारे पुरुषही म्हणाले, चांगलं आहे, पोराचं नाव राहील. आदल्या आठवड्यात ज्यांनी विड्या ओढल्या तेच हे. मी मात्र त्यांच्याकडे बघून तोंड वाकडं करायच्या लायकीची नव्हते. मजकूर वहीत उतरवायला मी टोक केलेली पेन्सिल घेऊन बसले होते.

तेवढ्यात बा आला. हात फडक्याने गळ्यात बांधलेला, मागे आय. ओटीवर चढला नाही, खालीच उभा राहिला. सरांनी त्याला मजकूर वाचून दाखवला आणि म्हणाले, "म्हात्रे, तुम्ही प्रत्यक्षदर्शी आहात. इथे अंगठा द्या."

बाने विचारलं, "गोरी कोनी काली केली?"

"तो समितीचा निर्णय होता. युद्धकाळात—"

"लिवला कोनी?"

मी म्हणाले, "मी लिवला, बा." त्या सगळ्या दिवसांत मी पहिल्यांदा घरच्या भाषेत बोलले.

तो मारेल असं मला वाटलं. मारायला हवं होतं. तो साधेपणाने म्हणाला, "मंग आता पन तूच लिव. चांगा खडपावर मेला. सुरुंग नव्हता. वाटेची खून आमीच पुसली. लिव."

मी लिहिलं.

"वाच. मोठ्यान वाच, बायांना आयकू दे."

मी उभी राहून वाचलं. ते बायांपर्यंत पोचलं नाही, म्हणून बाने पुन्हा वाचायला लावलं. सर मधे म्हणाले की हे इतिवृत्तात बसत नाही. बाने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. सरांचा एवढा अपमान त्या गावात कधी झाला नसेल, पण तो त्यांना कळला असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी वही माझ्याकडून काढून घेतली गेली आणि नंतर मला दिसली तेव्हा ते पान ब्लेडने व्यवस्थित कापलेलं होतं. पुढे सरांना जिल्ह्याच्या ठिकाणी नागरी संरक्षणाच्या कामाबद्दल शाल मिळाली. सुरुंगाचा दगडही उभा राहिला. पुढे रस्ता रुंद झाला तेव्हा तो काढून टाकला, तोवर त्यावर पानवाल्याची टोपली असायची.

तिसऱ्या दिवशी चुन्याची दोन मडकी घेऊन मी गोरीवर गेले. एकटीच. गाणी नव्हती. बाशी ठरवून घेतलं होतं की तो सारसोळ्याच्या होडीतून खडपाच्या बाहेर जाऊन थांबेल, आणि गोरी दिसली की डाव्या हाताने वल्हं उभं करेल. मला वरून ते दिसलं असतं. मी चुना फासायला सुरुवात केली. डांबर चुना धरेना. फासला तसा तो ओघळून माझ्या पायांवर आला. मी कोयत्याने डांबर खरवडलं. ते थंडीने दगडात घट्ट बसलं होतं आणि खरवडून फक्त चिरा पडत होत्या. मी चिरांमध्ये बोटांनी चुना भरला. नखं गेली, हातांची सालटी निघाली, दोन्ही मडकी संपली. दुपारी चुना वाळला आणि पोपडे होऊन वाऱ्याने गेला. खाली पाण्यावर होडी होती, लहानशी, जागच्या जागी. बा तिच्यात बसलेला दिसत होता. मी शाळेच्या साडीचा पदर सोडला आणि दगडाला पाठ लावून दोन्ही हातांनी तो पसरून धरला, पांढरा होता म्हणून. ऊन उतरेपर्यंत धरून ठेवला. वल्हं उभं राहिलं नाही.